नळबाईंची तहान

अक्रोडाच्या सावलीत झोपू नये, हे होमोल्येच्या डोंगरांत शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. ती सावली थंड असते, जड असते, आणि तिला स्वप्नं लागलेली असतात. पण मिलिवोय पाउनोविच हा वजनमाप खात्यातून निवृत्त झालेला माणूस. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासून त्यांच्यावर शिक्का मारणं हे त्याचं काम, आणि जे तराजूत घालता येत नाही ते नसतंच, हे त्याचं तत्त्वज्ञान. म्हणून मे महिन्यातल्या एका दुपारी, अकेशियाच्या फुलांचा वास मधासारखा हवेत साकळला असताना, तो पोटभर घेवडा जेवून अक्रोडाखाली आडवा झाला. आणि त्याच्या स्वप्नात कोसाराबाई आल्या.

तो शिकला त्या सुव्होदोलच्या वसतिशाळेतला लांबच लांब बोळ. एका भिंतीला बेसिनांची रांग, प्रत्येक बेसिनावर पितळी नळ, आणि नळांवरून सरकत जाणारा पिवळा उजेड, जसा काही कुणी उजेडाचीच गस्त घातली असावी. बोळाच्या टोकाला बाई. तोच करडा झगा, तोच आवळलेला अंबाडा. हातात ग्लास.

"पाउनोविच," बाई म्हणाल्या, "तहान लागलीय."

आणि त्यांनी ग्लास उपडा करून दाखवला. त्यातून थेंबही पडला नाही.

मिलिवोय जागा झाला तेव्हा त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. हा घेवड्याचा परिणाम असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं; पण मन काही त्या शिक्क्याला मानेना. कोसाराबाईंनी कुणाकडे काही मागितलेलं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. पाणी तर नाहीच नाही. सुव्होदोल म्हणजे चुनखडीचा डोंगर. पाऊस पडतो आणि पाहुणा दारावरून पुढे जावा तसा खाली निघून जातो. शाळेला लांबच्या एका झऱ्याचं पाणी एकाच नळीतून यायचं, आणि त्या पाण्यावर कोसाराबाई नागिणीसारख्या बसलेल्या असायच्या. रोज संध्याकाळी मुलं आपापल्या बेसिनापाशी उभी राहत. बाई आडनाव पुकारत. पोरानं उजव्या हातानं नळ करकचून पिळायचा आणि ओरडायचं, "बंद, बाई." मग बाई स्वतः येऊन तो आणखी थोडा पिळत, आणि सकाळी पहिलीच्या पोरांना तोंड धुवायला वरच्या वर्गातली पोरं बोलवावी लागत. मुलं त्यांना पाठीमागे नळबाई म्हणत. पाठीमागे म्हणजे दोन मजले आणि एक अंगण सोडून.

"अक्रोडाखाली झोपलास?" मिलिवोयची बायको रुझा कॉफी घेऊन आली. "माणसा, तुझ्या बापानं मागे एवढं एकच शहाणपण ठेवलं होतं."

"घेवड्यात मीठ जास्त होतं."

"मीठ बरोबर होतं. काय दिसलं?"

त्यानं सांगितलं. रुझानं कुंपणाकडे तोंड करून हाक मारली, "स्तानिया, ये गं जरा."

कुंपणापलीकडची स्तानिया ही त्या गल्लीतली स्वप्नखात्याची प्रमुख. कॉफीच्या कपातला गाळ वाचणं, दृष्ट काढणं आणि लग्नं जुळवणं ही जोडखाती. ती हातात अर्धा सोललेला कांदा घेऊनच आली.

"ग्लास भरलेला होता का रिकामा, शेजारी?"

"उपडा."

स्तानियानं कांदा खाली ठेवला. "उपडा. मग गेल्या त्या."

"गेल्याचं ऐकलं नाही कुठे. शाळा बंद पडली तेव्हा भाचीकडे गेल्या राहायला, तिकडे खाली डॅन्यूबकाठी."

"ऐकलं नाहीस, मी पाहिलंय. गेल्या पानगळीत मावशीला दिवा लावायला सुव्होदोलच्या दफनभूमीत गेले होते. काळा गुळगुळीत दगड, वर बाईंचा फोटो. अशा बघत होत्या माझ्याकडे, की मी डोक्याचा रुमाल नीट केला."

आता त्या मुलखाची रीत अशी, की गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागू लागलं तर ते द्यावंच लागतं. ओब्राद गवंड्याच्या चुलत्यानं चपला मागितल्या, तर त्या पुढच्या मयताच्या पेटीतून पाठवल्या होत्या. मापाला लहान निघाल्या म्हणून चुलता परत आला. आणि सगळ्या मागण्यांत पाण्याची मागणी मोठी. गेलेल्यांच्या वाटेवर विहीर नाही, झरा नाही. ज्याच्या नावानं इकडे कुणी पाणी सोडेल त्यालाच तिकडे घोट मिळायचा. स्तानियानं डोळे मिटले आणि कांद्याच्या वासातच जुनं गाणं गुणगुणलं:

पाणी सोडा, पाणी सोडा   गेलेल्यांच्या वाटेवर,
कोरड गं ओठी त्यांच्या   चांदण्याच्या घाटावर.

मिलिवोयनं कॉफीचा कप बाजूला सारला. जिनं जन्मभर थेंब थेंब राखला, तिलाच तिकडे घोट मिळू नये, हे कुठल्या तराजूत बसतं?

तरी मोजून मापून चालणारा माणूस तो. खात्री केल्याशिवाय शिक्का मारणार नव्हता. दुसऱ्याच दिवशी ओब्रादच्या खटाऱ्यात बसून तो सुव्होदोलला गेला. ओब्राद त्याच्याच वर्गातला, शेजारच्या बेसिनावरचा. दगड सापडला. बाईंचा फोटो होता, खाली कोरलेलं नाव होतं, नावाखाली जन्माचं साल होतं. त्याच्या पुढे निळ्या फुलांच्या वेलानं दगड असा झाकून टाकला होता की खालचं काही दिसू नये. हात घालून वेल जरा बाजूला सारायचा, एवढंच काम. पण शाळेच्या फुलांना हात लावायचा नाही, हा बाईंचा दुसरा मोठा नियम होता, आणि बाई फोटोतून बघत होत्या. दोघेही निवृत्तीला पोचलेले बाप्ये हात पाठीमागे बांधून, टाचा जुळवून उभे राहिले.

"गेल्या रे," ओब्राद म्हणाला.

"गेल्या," मिलिवोय म्हणाला, आणि खात्री झाली.

खरं म्हणजे घागरभर पाणी त्यांच्या नावानं दगडावर ओतलं असतं तरी रीत पुरी झाली असती. मिलिवोयचा बेत तेवढाच होता. पण परतताना ओब्राद म्हणाला, "घागर? नळबाईंना? अरे, त्या तिकडे रांग लावून पोरांना पाणी वाटत असतील. किती पुरणार?" घरी स्तानिया म्हणाली, घागर ही गरिबाची सोय, शाळा शिकलेल्यांनी दगडी पाणपोई बांधावी, वाहती, रात्रंदिवस. पाववाल्यानं सुचवलं, पाणपोईला बाक हवा. केस कापणारा म्हणाला, बाकाला छप्पर हवं, आणि छपराखाली छोटा आरसा लावलात तर प्रवाशांची सोय होईल. रस्त्याच्या वळणावर, जुन्या शाळेच्या फाटकासमोर ती कुठे शोभेल, हे ज्यांनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांनी छडीनं मातीत काढून दाखवलं.

आणि प्रत्येक जण शेवटी मिलिवोयच्या घराकडे एक नजर टाकून म्हणे, "पण पूर्ण करशील ना?"

ह्या प्रश्नाचं वजन सांगायला हवं. मिलिवोयच्या घराचा वरचा मजला तो नोकरीत चिकटला तेव्हा सुरू झाला होता. भिंती छातीपर्यंत आल्या होत्या. खांबांतून लोखंडी सळया आकाशाकडे हात करून उभ्या होत्या, त्यांच्यावर कावळे बसत, आणि रुझा पानगळीत लाल मिरच्यांच्या माळा वाळत घाली. कुंपण एका बाजूनं हिरवं रंगवलेलं होतं. अंगणातला दगडी रस्ता फाटकापासून निघून गुलाबाच्या ताटव्यापर्यंत येई आणि तिथे विचारात पडे. शाळेत असताना बाई त्याची वही परत करताना एकच शब्द म्हणत: "अर्धवट." रागानं नाही, आवाज न चढवता, जसं एखाद्या पाकिटावर वजन लिहावं. तो शब्द त्यानं आयुष्यभर खिशात नाणं बाळगावं तसा बाळगला होता. नोकरीत त्यानं लोकांच्या तराजूंवर 'बरोबर' असा शिक्का मारला. स्वतःवर मारायला शिक्का मिळाला नाही.

म्हणून पाणपोई त्याला पूर्ण करायची होती. बाईंची तहान भागावी म्हणून, आणि त्यांना तिकडे कळावं म्हणून. जूनमधल्या पितरांच्या शनिवारपर्यंत पाणी सुटलंच पाहिजे, असं स्तानियानं बजावलं होतं. त्या दिवशी गेलेली माणसं रांगेनं येतात, आणि ज्याच्या नावाचं पाणी नाही तो तसाच परत जातो.

नगरपालिकेत बांधकामाच्या खिडकीवर पेर्सिदा होती. तीही सुव्होदोलचीच, खालच्या वर्गातली. आता चष्म्याला साखळी आणि खुर्चीला उशी आलेली. तिनं अर्ज वाचला आणि तिचे डोळे भरून आले.

"बाई गेल्या? मला वाटायचं त्या जायच्याच नाहीत." मग डोळे पुसून ती म्हणाली, "स्मारक आहे. मृत्यूचा दाखला लागेल."

मिलिवोय वरच्या मजल्यावर गेला. नोंदणीतल्या माणसानं जाडजूड बाडं चाळली, यंत्रात पाहिलं, शेजारच्या तालुक्याला फोन केला. "अशी नोंद नाही."

"दगड उभा आहे, फोटो आहे, आणि नोंद नाही?"

"माझ्याकडे त्या जिवंत आहेत."

"तुमच्याकडे तर माझा आजोबापण जिवंत आहे. गेल्या खेपेला त्याला मतदानाची चिठ्ठी आली होती."

ह्यावर नोंदणीतल्या माणसानं बाड मिटलं, कारण ते खरं होतं. मिलिवोय खाली आला तो रागानं फणफणत. पेर्सिदाही संतापली. ओब्रादला कळलं तेव्हा तो म्हणाला, ह्या सरकारात माणसाला धड मरतासुद्धा येत नाही. रुझा एकटी हातातली कॉफी हलवत म्हणाली, "नोंद नाही म्हणजे कदाचित..." पण तिघेही तिच्यावर तुटून पडले. कचेरी चुकते की दगड? दगड कधी चुकत नाही.

पेर्सिदानं वाट काढली. स्मारकाला दाखला लागतो. गुरांच्या डोणीला लागत नाही. तिनं अर्जावर वरचं खोडून 'रस्त्याकडेची गुरांची डोण' असं घातलं, आणि परवानगी हातावर ठेवली. मिलिवोयचा जीव कळवळला. कोसाराबाईंच्या नावाची डोण. पण काम पुढे सरकलं, आणि अर्धवट राहण्यापेक्षा डोण बरी.

लगेच पशुखात्याचा माणूस गुरं पाहायला हजर. डोण मंजूर, तर गुरं कुठायत? स्तानियाच्या भावाची लाल ठिपक्यांची गाय खटाऱ्यात घालून सुव्होदोलला नेली. ओब्रादनं तोवर दगड रचून चौकट उभी केली होती, आणि गाय तिच्यासमोर उभी राहून, डोळे अर्धे मिटून, डोंगरावरच्या धुक्याकडे बघत राहिली. तिला काही तहान दिसेना. पशुखात्याचा माणूस बराच वेळ तिच्याबरोबर तसाच बघत राहिला. गवत नुकतं कापलेलं होतं, त्याचा वास येत होता, लांब कुठेतरी घंटा किणकिणत होती, आणि क्षणभर सगळ्यांना विसर पडला की आपण सरकारी कामासाठी आलोय. मग त्यानं शेरा लिहिला: 'गाय आहे. तहान नाही.' आणि गेला.

आता फक्त पाणी राहिलं होतं.

ओब्रादला ठाऊक होतं की झऱ्याची जुनी नळी अजून शाळेच्या फाटकापर्यंत येते. फाटकाच्या आत एका चौकोनी खड्ड्यात मोठा व्हॉल्व्ह होता, चाकासारखा. शाळा बंद पडली त्या दिवशी सगळे बसमध्ये बसल्यावर बाई एकट्या परत आल्या होत्या आणि स्वतःच्या हातांनी तो बंद करून गेल्या होत्या. ते चाक फिरवलं की पाणी सुटणार. इतकं सोपं.

ओब्राद खड्ड्यात उतरला, चाकाला दोन्ही हात घातले, मानेच्या शिरा फुगल्या. चाक हलेना.

"बाईंच्या हातचं आहे," तो वर येऊन घाम पुसत म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रारीपेक्षा अभिमान जास्त होता.

मिलिवोय उतरला. चाक हलेना. दुसऱ्या दिवशी तेल आणलं. नमनालाच घडाभर तेल गेलं, चाक चकाकू लागलं, हललं नाही. मग पहार घालून पाहिली, तर पहार वाकली. पेर्सिदा रविवारी नवी चप्पल घालून आली, म्हणाली, तुम्हा पुरुषांना युक्ती नसते, आणि उतरून तिनंही जोर लावला. चपलेचा पट्टा तुटला. पाणीखात्याचा माणूस म्हणाला, सणानंतर येतो. कुठल्या सणानंतर, ते त्यानं सांगितलं नाही.

"मी बघू का?" रुझा खड्ड्याच्या काठावरून म्हणाली.

"तू?" मिलिवोय म्हणाला. "तू काय बाईंच्या हाताखाली शिकलीस? असले नळ पिळायला सवय लागते."

"बरं बाबा," रुझा म्हणाली, आणि काठावर बसून लिंडनची फुलं वेचू लागली. आता अकेशिया संपून लिंडन फुलले होते.

पितरांचा शनिवार आला. ऊन कोवळं होतं, आणि डोंगरावर असं धुकं की झाडं जमिनीला टेकलेलीच दिसेनात. पाणपोई उभी होती: पांढरा दगड, बाक, छप्पर, छपराखाली छोटा आरसा. सगळं पूर्ण. फक्त लोखंडी नळीचं तोंड कोरडं होतं, आणि त्यात एक कोळी आपलं जाळं विणून मोकळा झाला होता. स्तानियानं आधीच गावोगाव दिव्याच्या खांबांवर काळ्या चौकटीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, बाईंच्या दगडावरच्या फोटोसकट; ऋणी विद्यार्थ्यांतर्फे, पाणी सोडायला यावं. त्यामुळे बरीच जुनी पोरं जमली होती, पोटं सुटलेली, केस उडालेली, आणि येईल तो आधी टाचा जुळवी. पाद्रीबुवा आले होते. गेलेल्यांसाठी उकडलेल्या गोड गव्हाचं ताट होतं, राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली होती. वाळूच्या पेटीत मेणबत्त्या लावल्या होत्या. त्या पेटीला दोन मजले असतात, वरचा जिवंतांचा, खालचा गेलेल्यांचा. बाईंची मेणबत्ती खाली, सगळ्यांत उंच, मिलिवोयनं स्वतः लावलेली.

"पाणी?" पाद्रीबुवांनी विचारलं.

"येईल," मिलिवोय म्हणाला, आणि सदऱ्याच्या बाह्या मागे सारून खड्ड्यात उतरला. त्याच्यामागून ओब्राद. मग आणखी एकजण, आणि आणखी एक. सगळ्यांनी चाकाला हात घातले. "जोर लावून, हं," ओब्राद म्हणाला. चाक कुरकुरलं, आणखी घट्ट झालं. वर पाद्रीबुवांनी खाकरून दुसऱ्यांदा प्रार्थना सुरू केली, पहिली पाण्याशिवाय संपली होती. कुणीतरी म्हणालं, "घरावरच्या मजल्यासारखंच झालं म्हणायचं," आणि हलकं हसू उठलं.

मिलिवोयनं कपाळ चाकाच्या गार लोखंडावर टेकलं. त्याला तो बोळ दिसला, तो उपडा ग्लास दिसला. 'बाई,' तो मनात म्हणाला, 'हेही अर्धवटच राहिलं. तुम्ही तशाच परत जाणार.'

तेवढ्यात वरची कुजबुज एकदम थांबली. एखाद्या वर्गाची थांबते तशी.

"पाउनोविच," वरून आवाज आला. "खड्ड्यात काय करतोयस?"

त्यानं वर पाहिलं. आभाळाच्या तुकड्यात करडा झगा, आवळलेला अंबाडा, आता पांढरा. हातात काठी, आणि काखेत घडी केलेली काळ्या चौकटीची चिठ्ठी. मागे रस्त्यावर सकाळची बस धूर सोडून निघून चालली होती.

खड्ड्यातल्या चौघांनी काय करावं? चौघांनीही टाचा जुळवल्या. पेर्सिदा मटकन बाकावर बसली. पाद्रीबुवांनी छातीवर क्रूसाची खूण केली, मग संशय येऊन पुन्हा केली. स्तानिया तेवढी शांत राहिली, ती हळूच म्हणाली, "बघा, रांगेत पहिल्या आल्या."

"मी बसथांब्यावर उभी होते," कोसाराबाई म्हणाल्या. "भाचीनं दही आणायला पाठवलं होतं. खांबावर मी होते. कोण म्हणालं मी गेले?"

"दगड आहे, बाई," ओब्राद खालून पुटपुटला.

"दगड मी हयातीतच करून ठेवलाय. मागाहून इतर लोक काम कसं करतात ते मला माहितीय. जन्माचं साल आहे, पुढे रेघ आहे, आणि रेघेपुढे काही नाही. ते वाचलं नाही?"

"तिथे वेल होता, बाई."

"मग सारायचा."

"फुलांना हात लावायचा नाही, बाई."

कोसाराबाईंनी काठी जमिनीवर एकदा आपटली. मग त्यांनी पाणपोईकडे पाहिलं: दगड, बाक, छप्पर, आरसा. आरशात त्यांना आपला चेहरा दिसला असावा.

"हे माझ्यासाठी?"

"तुम्हाला तहान लागली होती, बाई," मिलिवोय म्हणाला. सगळ्या गावासमोर, खड्ड्यात उभं राहून हे बोलणं सोपं नव्हतं. "माझ्या स्वप्नात आला होतात. ग्लास उपडा होता."

बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. धुक्यातून कुठूनशी घंटा किणकिणली. "लागते," त्या म्हणाल्या. "भाची चांगली आहे. पण तिकडच्या पाण्याला चव नाही. इथल्या झऱ्याची आठवण येते मला, दुपारच्या झोपेत." मग आवाज पुन्हा सरळ झाला. "मग पाणी का नाही?"

"चाक हलत नाही. तुम्ही बंद केलेलं आहे."

"फिरव बघू, माझ्यासमोर."

मिलिवोयनं हात घातले. ओब्रादनं घातले. सगळी ताकद लावून त्यांनी चाक पिळलं, उजवीकडे, जसं रोज संध्याकाळी पिळायचे, जसं त्यांच्या हातांना झोपेतही येत होतं. चाक कुरकुरलं.

बाई काठीवर वाकून बघत राहिल्या.

"तुम्ही ते बंद करताय," त्या म्हणाल्या.

चौघांनी आपापल्या हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. वर काठावर रुझानं ओंजळीतली लिंडनची फुलं नीट ओच्यात ठेवली आणि तोंड दुसरीकडे वळवलं. तिचे खांदे तेवढे हलत होते.

"तुमचा दोष नाही," कोसाराबाई म्हणाल्या. "मी तुम्हाला बंद करायलाच शिकवलं. उघडायला शिकवायचं राहून गेलं." त्यांनी काठी पेर्सिदाकडे दिली. "माझंच अर्धवट राहिलं. हात दे, पाउनोविच."

त्यांना खड्ड्यात उतरवून घेतलं. त्यांचा हात पानासारखा हलका होता, पण चाकावर पडला तेव्हा तोच जुना हात होता. त्याच्या हातावर आपला हात ठेवून त्यांनी त्याला डावीकडे वळवलं, जसं पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतात. इतके दिवस उलटं आवळलेलं चाक आधी अडलं. मग आत कुठेतरी खोल काहीतरी सुटलं, आणि डोंगरानं झोपेत कूस बदलावी तसा आवाज नळीतून धावत आला.

पाणपोई खोकली. कोळ्याचं जाळं उडालं. आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग गढूळ, मग थांबलं, आणि मग स्वच्छ, पांढरी, मनगटाएवढी धार दगडावर पडू लागली. स्तानिया आपसूक गाऊ लागली, पण दोन शब्दांतच अडखळली. गाणं गेलेल्यांचं होतं. तिनं जरा विचार केला, आणि गाणारीच्या हक्कानं जागच्या जागी बदलून टाकलं:

पाणी सोडा, पाणी सोडा   आलेल्यांच्या वाटेवर,
ओली झाली सावली गं   लिंडनच्या काठावर.

रुझा मेणबत्त्यांच्या पेटीपाशी गेली. खालच्या वाळूतली उंच मेणबत्ती तिनं जळतीच उपटली, विझू नये म्हणून तळव्याची आड धरली, आणि वरच्या मजल्यात रोवली. पाद्रीबुवांनी ते पाहिलं आणि गव्हाच्या ताटाकडे पाहिलं. गहू काही परत कच्चा होणार नव्हता. "खाऊन टाकू," ते म्हणाले, "आरोग्यासाठी."

कोणीतरी ग्लास आणला. कोसाराबाईंनी तो धारेखाली धरला, भरला, उभ्यानंच पूर्ण प्यायल्या, डोळे मिटून, लहान मूल पितं तशा, घोटाघोटाला थांबत. मग त्यांचा उजवा हात आपोआप पुढे झाला आणि नळीच्या तोंडाशी काहीतरी चाचपू लागला.

"नळ कुठाय?"

"ह्याला नळ नसतो, बाई," मिलिवोय म्हणाला. "ही वाहती असते."

"मग बंद कशी करायची?"

पाणी डोणीतून ओसंडून रस्त्याच्या कडेनं निघालं होतं, चुनखडीच्या त्या कोरड्या डोंगरावर वाट शोधत. आणि स्तानियाच्या भावाची गाय, आज तिला कुणी बोलावलेलं नसताना, वळणावरून येऊन सरकारी डोणीत तोंड घालून शांतपणे पीत होती. बाईंनी पाण्याकडे पाहिलं. मिलिवोयला तो चेहरा पाठ होता: वही मिटताना, तो एक शब्द म्हणायच्या आधीचा. तो वाट पाहत राहिला. त्याच्या सदऱ्याला तेल लागलं होतं, गुडघ्यांना चिखल होता.

बाई ताठ झाल्या. अंबाड्यावरून हात फिरवला.

"पाउनोविच."

इतक्या वर्षांनी त्याचा उजवा हात आपसूक वर आला, टाचा जुळल्या.

"उघडं, बाई."

कोसाराबाईंनी रिकामा ग्लास पुन्हा धारेखाली धरला. तो भरला, भरून वाहू लागला, त्यांच्या बोटांवरून, मनगटावरून, करड्या झग्याच्या बाहीत. त्यांनी हात मागे घेतला नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या.